हर्पीस म्हणजे नागीण

माझ्या वहीत सगळं लिहिलेलं आहे. तारीख, वार, अंगावर कुठं उठलं, कुठं बसलं, कोणतं मलम किती वेळा लावलं. चोवीस वर्षं सातवी-आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईची वही आहे ती. समास सोडलेला, शीर्षकाखाली पट्टीनं रेघ मारलेली. त्याच वहीत एका शीर्षकाखाली मी एक चुकीचा शब्द लिहिला आणि तो माझ्या अडीच वर्षांच्या भाचीला भोवला.

मी रत्नमाला. गारखेड्यात धाकटा भाऊ इंद्रजीत, त्याची बायको अपेक्षा आणि त्यांची मुलगी राजनंदिनी यांच्यासोबत राहते. लग्न केलं नाही. का केलं नाही ते या गोष्टीत येत नाही. इंद्रजीत वाळूजच्या कंपनीत पाळीवर जातो, अपेक्षा घर बघते आणि घरात शेवटचा शब्द माझा असतो. तो मला कुणी दिलेला नाही, मीच घेतला. मी बोलायला लागले की समोरचा आपोआप गप्प होतो. हा आपला गुण आहे असं मी फार वर्षं समजत होते.

राजनंदिनीचं नाव मीच ठेवलं. त्रिसरण-पंचशील झालं, बायकांनी पाळणा म्हटला, मग आत्याचा मान म्हणून मी वाकून तिच्या कानाला तोंड लावलं आणि नाव सांगितलं. तिनं मान वळवली, तेव्हा माझे ओठ तिच्या गालाला लागले. इतकी मऊ कातडी मी आयुष्यात पाहिली नव्हती. दोन महिने ती तशी राहिली.

तिसऱ्या महिन्यात दोन्ही गालांवर खरखरीत चट्टे उठले. त्यातून पाणी सुटायचं, वर पिवळट खपली धरायची. हात अजून धड चालत नव्हते, पण पोर गाल उशीवर घासत राहायची आणि सकाळी उशीच्या अभ्र्यावर डाग असायचे. अपेक्षाची आई, द्वारकाबाई, पाचोडहून बघायला आल्या. शेतात मजुरी करून तीन लेकरं वाढवलेली, कमी बोलणारी बाई. नातीचं तोंड उजेडाला धरून म्हणाल्या, "गजकर्ण हाय हे. कुनाचं तरी लागलंय लेकराला."

"गजकर्ण गोल असतं, द्वारकाबाई. कडेनं वाढतं आणि मधून बरं होत जातं," मी म्हणाले. "पुस्तकात चित्र आहे, दाखवू का?"

"नको बाई. तुम्ही म्हनता तर नसंल."

पण इंद्रजीतनं सासूचं ऐकलं आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन "गजकर्णाचं काहीतरी द्या" म्हणून ट्यूब आणली. चार दिवसांत गाल लख्ख. ट्यूब थांबवली की आठवड्यात दुप्पट. परत ट्यूब, परत लख्ख, परत दुप्पट. असं सात-आठ महिने चाललं. गालाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, खालच्या शिरा दिसायला लागल्या. हे त्या ट्यूबनंच होतंय असं मला कळलं तेव्हा मी ती नालीत फेकली आणि भावाला असं बोलले की तो दोन दिवस घरात जेवला नाही.

वर्षाची झाली तसे गाल बरेचसे निवळले आणि आजार खाली उतरला. कोपराच्या आतल्या घडीत, गुडघ्याच्या मागं, मनगटावर, मानेला. तिथली कातडी जाड, काळपट, रेघारेघांची झाली. ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन केला, तर त्यांनी विचारलं, "लाल झालंय का?" मी बघितलं. लाल नव्हतं. काळं, राखेरी, कुठं जांभळट. मी नाही म्हणाले. "मग घाम असेल, पावडर लावा," डॉक्टर म्हणाले. पावडरीनं कातडी आणखी फाटली. रात्र पडली की खाज चढायची. हातांना मोजे घातले तर पोर पायाच्या टाचेनं दुसरा पाय खरवडायची. तिचं ते खर्र खर्र माझ्या खोलीपर्यंत ऐकू यायचं.

अशात बालवाडीचा प्रसंग घडला. दीड वर्षाच्या पोरीला दोन तास इतर मुलांत बसवावं म्हणून अपेक्षा तिला जवळच्या बालवाडीत न्यायला लागली. चौथ्या दिवशी तिथल्या आशाबाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं. इतर मुलांच्या आया तक्रार करतात, ही सतरंजीवर बसते, खेळणी हाताळते, बरं झाल्यावर आणा, म्हणाल्या. अपेक्षा घरी येऊन भांडी घासत बसली. मी मात्र पोरीला कडेवर घेतलं आणि तशीच बालवाडीत गेले.

"आशाबाई, आमच्या घराण्याला शिवाशिव शिकवू नका," मी म्हणाले. "ती आमच्या आज्यानं बघितली. लई बघितली."

"बाई, मी जातीचं कुठं काढलं? संसर्गाचं म्हणतेय."

मी राजनंदिनीची बाही वर केली, कोपराच्या घडीतल्या त्या काळ्या चट्ट्यावर ओठ टेकवले, सगळ्या आयांच्या देखत. "बघा. मी रोज घेते हिचा पापा. लागलं का मला?" पोर हसली आणि तिनं दुसरा कोपर पुढं केला.

त्या दिवसापासून आमचा तो खेळच झाला. अंघोळ झाली की ती एकेक जागा दाखवायची, "आत्ती, बाऊ", आणि मी त्या जागेचा पापा घ्यायची. कोपर, गुडघा, मनगट, मान. प्रेम होतं त्यात, खोटं कशाला बोलू. पण जगाला दाखवायची खुमखुमीही होती.

मग मी शाळेला सुट्टी टाकली आणि तिला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉ. सुलेखा पुण्याकडून शिकून आलेल्या, तिशीच्या, शांत. त्यांनी पोरीला उघडं करून डोक्यापासून टाचेपर्यंत बघितलं. नंतर प्रश्न विचारले. कधीपासून? सगळ्यात आधी कुठं? नंतर कुठं सरकलं? खाज येते का, झोप मोडते का? मधे बरं होऊन परत उठतं का? एरवीची कातडी कोरडी असते का? घरात कुणाला दमा, शिंका, वाहतं नाक? मला लहानपणी दमा होता. इंद्रजीत धूळ उडाली की वीस शिंका देतो. मी वहीतून तारखा वाचून दाखवल्या तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "अशी वही ठेवणारे नातेवाईक मला रोज मिळावेत."

ते वाक्य मी घरी चार वेळा सांगितलं.

"रक्त तपासायचं नाही?" मी विचारलं.

"याला खात्रीची अशी रक्ताची तपासणी नाही. बघून आणि विचारूनच कळतं. हा इसब आहे. अटोपिक डर्मटायटिस. बाळपणी गालावर, मोठं होताना घडीघडीत, खाज, घरात दमा, सगळं जुळतंय. आणि आपल्या रंगावर लाल शोधत बसू नका. आपल्याकडं तो काळपट, राखाडी दिसतो, म्हणून लोक उशिरा येतात."

मला टाळी द्यावीशी वाटली. मग त्यांनी नेम सांगितला. कोमट पाण्याची पाच मिनिटं अंघोळ, अंग टिपून ओलसर असतानाच जाड मलम, उठलेल्या जागी औषधाचं मलम आठ दिवस, जास्त झालं तर त्यावर ओल्या सुती पट्ट्या. मी लिहीत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "हिचं कुणाला लागत नाही, हे बरोबर आहे तुमचं. पण दुसऱ्याचं हिला लागू शकतं. ही कातडी म्हणजे कडी नसलेलं दार. विशेषतः कुणाला हर्पीस झाला असेल तर त्याला हिच्याजवळ येऊ देऊ नका. एकसारखे फोड उठले, ताप आला, तर एक दिवससुद्धा थांबू नका. लगेच दवाखाना."

हर्पीस. वर्तमानपत्रातल्या आरोग्याच्या पानावर मी तो शब्द वाचलेला होता. हर्पीस म्हणजे नागीण. कमरेला नाहीतर पाठीला फोडांचा पट्टा उठतो, वेटोळं पुरं झालं की माणूस मरतो असं अडाणी लोक म्हणतात, ती. मला माहीत होतं. म्हणून मी विचारलं नाही. आयुष्यभर मी प्रश्न विचारणारी बाई. ‘म्हणजे काय हो?’ असं दुसऱ्याला विचारायची मला सवयच नव्हती. मी नवं पान उघडलं, शीर्षक घातलं, ‘नागीण’, खाली रेघ मारली, आणि लिहिलं:

एक. नागीण झालेल्या माणसास दूर ठेवणे.

दोन. त्यानंतर एकसारखे फोड व ताप आल्यास त्वरित दवाखाना.

ते ‘त्यानंतर’ माझं. डॉक्टर तसं म्हणाल्या नव्हत्या. मी त्यांचं बोलणं नीटनेटकं करून घेतलं.

नेम मी काटेकोर पाळला आणि पाळायला लावला. आमच्या भागात नळाला आठवड्यानं पाणी येतं, पण पोरीच्या अंघोळीचं पिंप वेगळं झाकलेलं असायचं आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. अपेक्षाकडून पाचाची सहा मिनिटं झाली तरी मी न्हाणीच्या दाराशी उभी. वर्षभरात पोर ओळखू येईना. घड्या मऊ पडल्या, झोप लागायला लागली, गाल भरले. शेजारपाजारच्या बायका आपली पोरं दाखवायला माझ्याकडं येऊ लागल्या, आणि मी त्यांच्या पोरांच्या कोपरांच्या घड्या उलगडून निदान सांगायला लागले.

जानेवारीत एका रविवारी द्वारकाबाई आल्या. पाचोडचा बाजार करून, एसटीनं, डोक्यावर गाठोडं. गाठोड्यात हुरडा, बोरं आणि नातीसाठी जुन्या मऊ लुगड्याची स्वतः शिवलेली गोधडी. दारात चप्पल काढता काढता सहज म्हणाल्या, "लई दिवस यायाचंच व्हतं. पर पाठीला नागीन झाली व्हती. आता वाळली बघा."

मी दारात आडवी झाले.

"द्वारकाबाई, आत येऊ नका."

"वाळली वं बाई. खपल्या बी गळाल्या."

"वाळली तरी महिनाभर नाही. डॉक्टरांनी लिहून दिलंय." डॉक्टरांनी नाही, मी लिहिलं होतं, पण माझ्या लेखी तेव्हा त्यात फरक नव्हता.

अपेक्षा आतून आली. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "ताई, आई लांब बसंल. नुसतं बघू द्या तिला."

"तुला पोरगी पाहिजे का आईचं मन पाहिजे?"

द्वारकाबाई बाहेरच्या पायरीवर बसल्या. अपेक्षानं तांब्या दिला. त्या तोंड न लावता वरून पाणी प्याल्या. वरून. ते मी बघितलं आणि क्षणभर काळजात काहीतरी हललं, पण मी ते हलू दिलं नाही. राजनंदिनीला खिडकीच्या गजांतून दाखवलं. "आज्जी, आज्जी" करून पोरीनं गजातून हात बाहेर काढला. द्वारकाबाईंनी आपले दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि तिला नुसतं हसून दाखवलं. गोधडी मी घेतली नाही. साडेतीनच्या बसनं त्या परत गेल्या. अपेक्षा त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलायची. मला वाटलं, येईल ताळ्यावर.

फेब्रुवारीत शाळेत परीक्षांचं काम निघालं आणि मला ताप भरला. साधा ताप, पण मी काय साधी बाई? मागच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं, ताट वेगळं, तोंडाला मास्क. राजनंदिनी दाराबाहेर बसून "आत्ती, ये" म्हणून दार वाजवायची आणि मी आतून गोष्टी सांगायची. तीन दिवस मी तिला हात लावला नाही. शुक्रवारी सकाळी घाम फुटून ताप उतरला आणि तोंड धुताना आरशात दिसलं, डाव्या ओठाच्या कडेला फोडांचा बारीक पुंजका उठला होता. चुरचुरत होता.

जर मुतला, माझ्या मनात आलं, आणि मी आरशात हसले. आमची आई म्हणायची तसंच. जर म्हणजे ताप. तो अंगातून निघून जाताना ओठावर मुतून जातो, असं आमच्याकडं म्हणतात. लहानपणी ताप आला की आई रोज सकाळी माझे ओठ बघायची, आणि फोड दिसला की म्हणायची, "मुतला बाई जर. आता भ्यायचं काम नाय." त्या दिवशी मला गूळ घालून शिरा मिळायचा. विज्ञान शिकवून चोवीस वर्षं झाली, पण तो फोड बघून मला शिराच आठवला.

मास्क काढला, दार उघडलं. राजनंदिनी नुकतीच न्हाऊन मलम लावून बसली होती. उन्हाळ्याची चाहूल लागली की तिच्या घड्या पुन्हा थोड्या उठायच्या, तशा उठल्या होत्या. पापण्यांवरही कोरडं झालं होतं. मला बघून तिनं दोन्ही हात वर केले. तीन दिवसांचं राहिलेलं सगळं मी घेतलं. कोपर, गुडघा, मनगट, मान, दोन्ही गाल, दोन्ही पापण्या. तिनं माझ्या ओठावर बोट ठेवलं.

"आत्ती बाऊ?"

"हो गं. बाऊ."

तिनं फुंकर घातली आणि माझ्या बाऊचा पापा घेतला.

अपेक्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तीही हसली. कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "जर मुतला का ताई? बरं झालं. शिरा करते."

पुढच्या शनिवारी संध्याकाळी पोर किरकिर करायला लागली. मानेवर आणि उजव्या गालावर बारीक फोड दिसले. अपेक्षानं मला हाक मारली. "ताई, हे नेहमीचं नाय."

मी चष्मा लावून बघितलं. "इसबच आहे. उठलाय. ओल्या पट्ट्या ठेव."

"फोड सगळे एकसारखे हायत. आन् खाजवत नाय ती. हात लावला की रडतेय. दुखतंय तिला."

आज मी हे वाक्य झोपेतसुद्धा म्हणू शकते. खाजवत नाही, दुखतंय. आईला दोन मिनिटांत कळलं. मी वही काढली. नागिणीचं पान उघडलं. ‘त्यानंतर’ एकसारखे फोड व ताप. कशानंतर? नागिणीनंतर. घरात नागीण कुणाला झाली होती? कुणालाच नाही. जिला झाली होती तिला मी उंबऱ्याबाहेरून परत पाठवलं. मग हे ते नव्हे. इतकं सरळ होतं. मी अपेक्षाला ते पान वाचूनही दाखवलं.

रविवारी ताप चढला. फोड पापणीवर गेले. मी म्हणाले, इसबात जंतू शिरले असतील, उद्या अकराला डॉक्टर येतात तेव्हा दाखवू, तोवर औषधाचं मलम दोनदा लावू. इंद्रजीत म्हणाला, "ताई, घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेऊ का?" मी म्हणाले, "तिथल्या गर्दीत नेऊन आणखी चार आजार लावून आणायचेत का?" तो बसला. अपेक्षा पोरीला मांडीवर घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली होती. त्या मलमाचा थर पापणीवर मी माझ्या बोटानं दिला, दोनदा, नेमाप्रमाणं.

सोमवारी डॉ. सुलेखांनी पट्टी उचलली आणि त्यांचा चेहराच बदलला. फोड फुटून वहीच्या कागदाला पंच मारावा तसे गोल, एकाच मापाचे खड्डे पडले होते, मानेपासून कपाळापर्यंत. उजवा डोळा सुजून मिटला होता. त्यांनी उभ्याउभ्याच चिठ्ठी लिहिली. "आत्ताच्या आत्ता घाटीत न्या, मी फोन करते. मी सांगितलं होतं ना, एक दिवस थांबू नका म्हणून?"

"पण डॉक्टर, घरात नागीण कुणालाच नव्हती."

"नागीण?" त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी काय बोलतेय ते त्यांना कळलं नाही. कळायला वेळही नव्हता.

घाटीत पोरीला लगेच वॉर्डात घेतलं. सलाईन लागलं, एका खड्ड्याच्या तळाचं खरवडून काचेवर घेतलं, डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. दुपारपर्यंत द्वारकाबाईही पाचोडहून आल्या; अपेक्षानं सकाळीच फोन केला होता, मला न विचारता. त्या खाटेच्या पायथ्याशी फरशीवर बसल्या. निवासी डॉक्टर एक मुलगी होती, बोलण्यावरून बीडकडची. तिनं कागद घेतला आणि विचारलं, "गेल्या पंधरा दिवसांत घरात कुणाला हर्पीस झाला होता का?"

"माझ्या आईला नागीण झाली होती," अपेक्षा म्हणाली. "पण ताईंनी तिला घरात येऊ दिलं नाय. लेकराला शिवली पण नाय ती."

"नागीण नाही म्हणत मी. ती वेगळी, तिचा विषाणू वेगळा. हा ओठावरचा. ताप आला की ओठाच्या कडेला फोडांचा पुंजका उठतो बघा." आमच्या चेहऱ्यांवर तिला काही दिसलं नसावं, म्हणून ती आपल्या गावच्या बोलीवर आली. "अहो, जर मुतला म्हणतात ना आपल्याकडं? तसं कुणाला झालं होतं का? झाल्यावर कुणी लेकराचा पापा घेतला का?"

माझी जीभ आपोआप ओठाच्या डाव्या कडेला गेली. खपली पडून गेली होती, पण जागा अजून खरखरीत होती. वॉर्डात पंखा फिरत होता, पलीकडं कुणाचं तरी बाळ रडत होतं. इंद्रजीत माझ्याकडं बघत नव्हता. अपेक्षा बघत होती. तिला आठवलं होतं. तिनं त्या दिवशी शिरा केला होता. तरी ती बोलली नाही. मी बोलते का, हे ती बघत होती, असं मला वाटतं. आणि माझ्या मनात काय आलं तेही सांगते, कारण वहीत ते नाही: नाही म्हणावं. एवढा एकच शब्द. कोण मला खोटं ठरवणार होतं?

"मला झाला होता," मी म्हणाले. "दहा दिवसांपूर्वी. मी घेतले पापे."

"कुठं कुठं?"

मी सांगितलं. कोपर, गुडघा, मनगट, मान. गाल. पापण्या. दोन्ही. डॉक्टर मुलगी लिहून घेत होती. तिनं माझ्याकडं वर बघितलं नाही, बरं केलं. "आणि हे औषधाचं मलम फोडांवर किती दिवस लावलं? त्यानं हे आणखी पसरतं."

"दोन दिवस. पापणीवरसुद्धा."

अपेक्षा ओरडली नाही. तिनं पोरीच्या कपाळावरचे केस बाजूला केले आणि इतक्या हळू आवाजात म्हणाली की मला वाकून ऐकावं लागलं. "मी म्हणलं होतं ताई, खाजवत नाय, दुखतंय."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणतात. माझे दात मजबूत आहेत. मी त्या दिवशी ओठ चावत बसले. मग फरशीवरून द्वारकाबाईंचा आवाज आला.

"जर मुतला म्हंजी ताप गेला म्हनत्यात की वं बाई. आमी बी तसंच समजत आलो. तुम्हाला काय म्हाईत व्हतं."

जिला मी पायरीवर बसवलं होतं, जी वरून पाणी प्याली होती, त्या बाईनं हे म्हटलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी निभावून नेलं असतं, भांडायला मला येतं. हे कसं घ्यायचं ते मला आलं नाही. मी वॉर्डाबाहेर जाऊन जिन्यावर बसले आणि पदर तोंडात धरून रडले. एका सफाईवाल्या मावशीनं मला, जिना पुसायचा आहे, तिकडं बसा, म्हणून उठवलं.

राजनंदिनी वाचली. अकरा दिवस औषध शिरेतून गेलं, ताप उतरला, खड्डे भरून आले. मानेवर आणि गालावर त्यांचे गोल डाग राहिले. उजव्या डोळ्याच्या बुबुळावर मात्र पांढरा पडदा धरला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणली असती तर कदाचित. पुढं मोठी झाल्यावर बुबुळ बदलायचं बघू, पण आशेवर राहू नका. ‘दोन दिवस’ हे शब्द त्यांनी सहज म्हटले. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ. मी वहीत मोजून बघितलं, तेवढेच होतात.

आता द्वारकाबाई आमच्याकडंच राहतात. ती गोधडी पोरीच्या अंगावर असते. अंघोळ, मलम, पट्ट्या, सगळं त्या आणि अपेक्षा करतात, आणि घरात शेवटचा शब्द अपेक्षाचा असतो. ती मला टाकून बोलत नाही, जेवायला वाढते, ताई म्हणते. वही मी कपाटात ठेवली आहे. नागीण हा शब्द खोडून वर ‘जर’ लिहावा म्हणून एकदा काढली, पण पेन टेकवलं नाही. चुकीचं उत्तर मागाहून दुरुस्त करणाऱ्या पोरांचे गुण मी नेहमी कापत आले आहे.

पोरगी मात्र अजून अंघोळ झाली की धावत येते. कोपर पुढं करून म्हणते, "आत्ती, बाऊ." मी म्हणते, "आत्तीचं तोंड उष्टं आहे गं," आणि लांबून हात हलवते. ती रुसते. ती रुसून बसली की मी हळूच जाऊन तिच्या उजव्या बाजूला बसते. त्या बाजूनं मी तिला दिसत नाही.